बाई, मग आपले पैगंबर कोण?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत तुमचा नलीकलीचा, म्हणजे आनंदानं शिकण्याच्या पद्धतीचा वर्ग आहे, पहिली ते तिसरीची मुलं एकत्र. ईद-ए-मिलादच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "उद्या सुट्टी." पहिलीतल्या एका मुलीनं विचारलं, "कशाची?" एक मुलगा पटकन म्हणाला, "आमच्या पैगंबरांचा जन्मदिवस." त्यावर ती मुलगी म्हणाली, "बाई, मग आपले पैगंबर कोण?" तुम्ही गडबडलात आणि "सगळे देव सारखेच असतात, चला, पाटी काढा" म्हणून विषय मिटवलात. आता विचारताय की काय सांगायला हवं होतं, आणि मुळात एवढ्या लहान मुलांना हे सांगावं का.

सांगावं, नक्की सांगावं. खानापूर आणि चिकोडी या दोन तालुक्यांत मिळून एकतीस वर्षं मी पहिली-दुसरीच शिकवली. आपल्याकडची सहा वर्षांची मुलं हा प्रश्न पुस्तकात वाचून विचारत नाहीत, ती तो गल्लीतून घेऊन येतात. एका घरी भिंतीवर तसबीर आहे, शेजारच्या घरी तसबीरच नाही, पलीकडे गळ्यात इष्टलिंग आहे, कोपऱ्यावरच्या घरी नाताळात गोठा मांडतात. मोहरमला पंजांपुढे आपल्याच आया नारळ ठेवतात आणि चोंगे, त्या गोड रोट्या, घरोघरी येतात. मुलांच्या डोळ्यांसमोर हे सगळं आहे. त्यांना नावं हवी असतात, एवढंच.

"सगळे सारखेच" हे तुमचं वाक्य चांगल्या मनातून आलं, पण त्यात एक मोठी चूक आहे. पैगंबर म्हणजे देव नव्हेत. मुसलमान ही गोष्ट सगळ्यात ठामपणे सांगतात: देव एकच, आणि महंमद पैगंबर हे त्याचा संदेश आणणारा माणूस. तो मुलगा घरी जाऊन "बाई म्हणाल्या पैगंबर देव आहेत" असं सांगेल तेव्हा त्याची आजी कपाळाला हात लावेल. तुम्ही आदर दाखवायला गेलात आणि त्यांच्या धर्मातलं पहिलंच वाक्य उलटं झालं. म्हणून मी नेहमी म्हणते, लहान मुलांपुढे आदर म्हणजे नेमकेपणा. ज्याला त्याच्या घरचे लोक जे मानतात आणि जशी हाक मारतात, तेच आणि तशीच हाक आपण वर्गात मारायची. याहून मोठं तत्त्व माझ्याकडे नाही, खाली सांगतेय ते सगळं यातूनच आलेलं आहे.

आधी शब्द घ्या. मुलांना शब्द फोडून दाखवला की निम्मं काम होतं. पैगंबर हा फारसीतून आलेला शब्द, पैगाम आणणारा तो पैगंबर. मराठीत प्रेषित म्हणतात, म्हणजे पाठवलेला. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या कानावर कन्नड असणारच, त्यात प्रवादी म्हणतात. हे तिन्ही शब्द फळ्यावर लिहा, पण समजावताना आपल्या गावचा शब्द वापरा: सांगावा. आजीनं मामाच्या गावाला सांगावा धाडला, ही गोष्ट मुलांना लगेच कळते. मी विचारायची, "सांगावा घेऊन जाणारा स्वतःच्या मनाचं सांगतो का?" मुलं ओरडायची, "न्हाई!" "त्यात आपलं चार शब्द घालतो का?" "न्हाई!" मग मी सांगायची, "देवाचा सांगावा माणसांपर्यंत आणणारा माणूस म्हणजे पैगंबर, असं मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी लोक मानतात." गावात डंगुरा पिटणारा होता तोवर त्याचंही उदाहरण चालायचं. तो पंचायतीचं सांगायचा, स्वतःचं नव्हे. आता डंगुऱ्याच्या जागी कर्ण्याची रिक्षा फिरते, सांगावा मात्र अजून टिकून आहे.

यानंतर मुलं विचारतातच, "मग राम पैगंबर काय? बुद्ध? महावीर? बसवण्णा?" इथे घाई करू नका. सगळ्यांना एका डब्यात भरायचा मोह होतो, कारण तेवढ्यानं तास सुरळीत पार पडतो. पण राम-कृष्ण यांच्याबद्दल त्यांचे भक्त म्हणतात, देव स्वतःच आला. तो सांगावा आणणारा झाला नाही, सांगावा पाठवणाराच घरी आला. बुद्धांना कुणी पाठवलं नाही, त्यांनी स्वतः वाट शोधली आणि दाखवली. बाबासाहेब आंबेडकरांनी हे फार स्वच्छ सांगितलंय की बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. निपाणीकडच्या वस्त्यांत हे चांगलं ठाऊक असतं. १९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणीला बहिष्कृत परिषद भरली तेव्हा बाबासाहेब तिथे आले होते, त्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही, अशी एक प्रतिज्ञा आहे. म्हणजे वर्गात "बुद्ध हा नववा अवतार" असं सहज बोलून गेलात, तर बौद्ध घरातल्या मुलाला तुम्ही त्याच्या आईवडिलांच्या शपथेविरुद्ध शिकवलंत. मी स्वतः पहिली काही वर्षं तसं बोलत होते. एका पालकांनी शांतपणे सांगितलं, तेव्हा थांबले.

तीर्थंकर हा शब्द तर आपल्या नदीकाठच्या मुलांसाठीच बनवलाय असं मला वाटतं. तीर्थ म्हणजे नदीचा उतार, पायी पार होता येईल अशी जागा. असा उतार करून देणारा तो तीर्थंकर. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा यांच्या काठच्या पोरांना पावसाळ्यात बंधारे पाण्याखाली जाऊन रस्ता बंद झाला की उतार कुठे आहे हे कळणं किती मोठी गोष्ट असते, ते तुम्ही-मी सांगायला नको. असे चोवीस तीर्थंकर जैन मानतात, पहिले ऋषभदेव, शेवटचे महावीर. ते कुणाचा सांगावा आणत नाहीत. स्वतः पार जातात आणि मागच्यांसाठी उतार करून ठेवतात.

बसवण्णांचं नाव काढलंत की पहिलीत एक गोंधळ ठरलेला असतो. आपल्याकडे बैलालाही बसवण्णा म्हणतात. एकदा एक मुलगी मला अगदी गंभीरपणे म्हणाली, "बाई, बसव जयंतीला बैलाचा वाढदिवस असतोय." हसू नका, तिचं निरीक्षण बरोबर होतं, फोड करून द्यायची होती. मी सांगितलं, नंदीलाही बसव म्हणतात, आणि बाराव्या शतकात त्या नावाचे एक थोर माणूस होऊन गेले, बागेवाडीचे. लिंगायत लोक त्यांना गुरू मानतात. ते लहान असताना मुंज करायचं ठरलं, तर त्यांनी विचारलं, माझ्या बहिणीची का नाही? आणि नको म्हणाले, अशी गोष्ट सांगतात. मुलींचे डोळे बघा ही गोष्ट ऐकताना. खानापूरच्या मुलांना मी पुढचं एक सांगायची: आपल्या कणकुंबीला उगवलेली मलप्रभा वाहत वाहत जिथे कृष्णेला मिळते, त्या कूडलसंगमला बसवण्णांची समाधी आहे. नदी आपली, समाधी तिच्या शेवटच्या टोकाला. मग ती गोष्ट परकी राहत नाही.

आता बोलण्याच्या पद्धतीकडे येते, कारण पोरं गोष्टीपेक्षा आपलं क्रियापद जास्त ऐकतात. मराठीत "म्हणे" हा एक शब्द आहे. "येशू म्हणे पाण्यावरून चालला." "मुसानं म्हणे समुद्र दुभंगला." आणि लगेच पुढच्या आठवड्यात, "कृष्णानं गोवर्धन उचलला." ऐकलंत फरक? दुसऱ्याच्या गोष्टीला "म्हणे" लागलं, म्हणजे शंका लागली. आपल्या गोष्टीला काहीच लागलं नाही, म्हणजे ती खरीच. मी कधी ठरवून केलं नव्हतं, पण एका तपासणीच्या वेळी माझा धडा मागे बसून ऐकणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी मला हे दाखवून दिलं, आणि मला रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून माझा नियम असा. इतिहासाला सरळ क्रियापद: महंमद पैगंबरांचा जन्म मक्केत झाला, साधारण इ. स. ५७० मध्ये. ६२२ मध्ये ते मदिनेला गेले. श्रद्धेला सगळ्यांसाठी एकच क्रियापद, "मानतात": जिब्रील फरिश्त्यानं त्यांना देवाचा संदेश दिला असं मुसलमान मानतात. येशू देवाचा पुत्र आहे असं ख्रिस्ती लोक मानतात. कृष्णानं गोवर्धन उचलला असं कृष्णाचे भक्त मानतात. स्वतःच्या घरच्या गोष्टीला "मानतात" लावताना पहिल्यांदा जीभ अडखळते. अडखळू दे. तेवढं केलंत तर मुलांना तुमच्या निष्पक्षपणाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

तसंच एकेरी-अनेकवचनाचं. आपल्या मराठीत देवाला एकेरीत बोलावतात, विठोबा आला, राम वनात गेला. त्यात माया असते. त्याच लयीत "महंमद म्हणाला" असं तोंडून गेलं तर मुसलमान पालकांना ते टोचतं, आणि टोचणारच. तिथे पैगंबर म्हणाले, पैगंबर आले. उलट ख्रिस्ती मंडळींच्या मराठी बायबलमध्ये "येशू म्हणाला" असंच आहे. तिथे एकेरी हीच घरची हाक आहे. भगवान महावीर आणि भगवान बुद्ध अनेकवचनात. पाठ करायची ही यादी नव्हे. शंका आली तर त्या घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं, "तुमच्याकडे कसं म्हणता?" हा प्रश्न विचारल्याबद्दल मला आजवर कुणी रागावलेलं नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक आता सांगते, कारण ती तुमच्याकडून व्हायला नको. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेत वेशभूषेचा कार्यक्रम होता. कुणी ज्ञानेश्वर, कुणी बसवेश्वर, कुणी येशू. मला वाटलं, मुसलमान मुलं मागे राहायला नकोत. एका गोड मुलाला मी सांगितलं, तू पैगंबर हो, डोक्याला पांढरा रुमाल बांधून ये. दुसऱ्या दिवशी त्याची आजी आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुमच्या मनात वाईट काय नाही, म्हाईत हाय मला. पण आमच्यात त्यांचं रूप कोण घेत न्हाई. चित्रबी काढत न्हाईत." ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी त्या दिवशी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण तिच्या हातातला तो पांढरा रुमाल, इस्त्री करून चौकोनी घडी घातलेला, अजून दिसतो. तिनं रुमाल तयार केला होता आणि मग मला सांगायला आली होती.

म्हणून, महंमद पैगंबरांचं चित्र नाही, नाटुकलं नाही, बाहुलीही नाही. त्यांचं चित्र शोधून मुलांना मोबाइलवर दाखवायचा प्रयत्नही करू नका. मुलं विचारतात, "मग ते दिसायला कसे होते?" सांगायचं, "त्यांचं चित्र काढायचं नाही असं मुसलमान पाळतात, माणसांनी चित्राची पूजा करायला लागू नये म्हणून. त्यामुळे आपण त्यांच्या गोष्टी ऐकायच्या." सहा वर्षांच्या मुलाला हे पुरतं. चित्राशिवाय एखाद्यावर प्रेम करता येतं, हे त्याला कळतं. खापरपणजीचा फोटो कुणाच्या घरी नसतो आणि तरी तिच्या गोष्टी सांगतात, हे उदाहरण मी देत आले.

मग गोष्ट शिकवायची कशी? माझी एक पद्धत सांगते. आमच्या वर्गात नवा पृथ्वीचा गोल आला होता. तो कपाटावर कुणी ठेवायचा यावरून भांडण जुंपलं. तिसरीची मुलं म्हणाली आम्ही मोठे, पहिलीची रडायला लागली. मी कोपऱ्यातलं घोंगडं आणलं, मधोमध गोल ठेवला आणि म्हणाले, "सगळ्यांनी कडा धरा." बावीस मुलांनी चारी बाजूंनी घोंगडं धरलं. कुणी जोरात ओढलं की गोल घरंगळायचा, मग सगळी एकदम "हळू, हळू" म्हणायची. आपोआप एकमेकांच्या पावलाकडे बघत चालायला लागली. कपाटापाशी पोचल्यावर मी गोल उचलून वर ठेवला. त्या दिवशी एवढंच केलं, गोष्ट नाही सांगितली.

दुसऱ्या दिवशी सांगितली. मक्केत काबा नावाची एक इमारत आहे. फार वर्षांपूर्वी ती नव्यानं बांधत होते. भिंतीत एक काळा दगड बसवायचा होता, ज्याला सगळे मान देत. तो कुणी बसवायचा यावरून टोळ्यांमध्ये भांडण लागलं, हाणामारीपर्यंत. शेवटी ठरलं, जो पहिला माणूस आत येईल त्याचं ऐकायचं. आत आले महंमद. तेव्हा ते पस्तिशीचे होते. संदेश येऊ लागला तो पुढे, चाळिसाव्या वर्षी. पण लोक त्यांना आधीपासूनच अल-अमीन म्हणायचे, विश्वासाचा माणूस. त्यांनी एक कापड पसरलं, त्यावर दगड ठेवला, प्रत्येक टोळीच्या म्होरक्याला कड धरायला सांगितली. सगळ्यांनी मिळून उचलला, आणि मग त्यांनी तो हातानं जागेवर बसवला.

मी इथपर्यंत आले आणि मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकजण म्हणाला, "बाई, आपलं घोंगडं!" त्या मुलांच्या हातांना ती गोष्ट आधीच माहीत होती. आणि हे लक्षात घ्या, पैगंबरांची भूमिका कुणीही केली नव्हती. आदल्या दिवशी भांडण आमचं होतं, गोल आमचा होता.

दुसरा धागा मेंढरांचा. तुमच्या वर्गात धनगराची, कुरुबांची मुलं असतील तर हा धागा सोडू नका. बायबलमधला दावीद मेंढपाळ, मुसांनी मेंढरं राखली, महंमद पैगंबर लहानपणी शेळ्या-मेंढरं राखायचे. मेंढरं न राखलेला एकही पैगंबर झाला नाही, असं त्यांचंच वचन मुसलमान सांगतात. येशूच्या गोष्टींमध्ये हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे: शंभरातलं एक हरवतं आणि धनी नव्व्याण्णवांना सोडून त्याला शोधायला जातो. मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एक धनगराचा मुलगा, जो वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हता, ताडकन म्हणाला, "आनि नव्व्याण्णवांची राखण कोण करालंय?" मी म्हणाले, गोष्टीत ते सांगितलेलं नाही, तुला काय वाटतं? त्यानं विचार केला. "कुत्रं असंल की." मग त्यानं सगळ्यांना समजावलं की मेंढरं मोजत बसत नाहीत, सांजच्याला कुठलं कोकरू आईसाठी ओरडतंय त्यावरून कळतं कुठली मेंढी आली नाही. त्या दिवशी वर्गाचा मास्तर तो होता. दुसऱ्या एकानं विचारलं, "म्हंजे बाळूमामांसारखे काय?" आपल्याकडे हे येणारच, अक्कोळचे बाळूमामा आणि त्यांची मेंढरं सगळ्या पोरांना ठाऊक आहेत. मी म्हणाले, मेंढरांची माया सारखी. बाळूमामांना त्यांचे भक्त संत मानतात, देवाचा सांगावा आणणारा पैगंबर ही मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी लोकांची कल्पना. साम्य दिसू द्यायचं आणि शब्द मात्र जागच्या जागी ठेवायचा.

तान्ह्या मुसांना टोपलीत घालून नदीत सोडलं, ती गोष्ट सांगितली की कुणीतरी "वसुदेव! टोपली! यमुना!" म्हणून ओरडणार, कुणाला कर्ण आठवणार. ओरडू द्या. फक्त "म्हणजे एकच गोष्ट आहे" असं तुम्ही म्हणू नका. विचारा, "टोपली कोणी सोडली? मागून कोण बघत होतं?" मुसांच्या गोष्टीत काठानं बहीण चालत राहते, लपून. लहान बहिणी असलेल्या मुलांना ती बहीण फार आवडते.

नावांचा एक गमतीचा तक्ता जरूर करा. कुराणात पंचवीस पैगंबरांची नावं आहेत आणि त्यातली बरीचशी बायबलमध्येही आहेत, पण उच्चार वेगळे. नूह आणि नोहा. इब्राहिम आणि अब्राहाम. मुसा आणि मोशे. युनूस आणि योना. ईसा आणि येशू. आपल्या मुलांना हे चटकन कळतं, कारण एकाच गावाला घरी एक नाव आणि एसटीच्या पाटीवर दुसरं, हे ती जन्मापासून बघतात. ईसा-येशूपाशी मात्र थांबून नेमकं सांगा: मुसलमान ईसांना थोर पैगंबर मानतात, ख्रिस्ती येशूला देवाचा पुत्र मानतात. त्यांच्या आईवर, मरियमवर, दोघांचंही प्रेम. कुराणात तिच्या नावाचा एक अध्याय आहे.

काय सांगू नये तेही सांगते. इब्राहिमांनी मुलाची कुर्बानी द्यायला निघण्याची गोष्ट पहिली-दुसरीत सांगू नका. बकरीदला मुलं विचारतील, तेव्हा "देवासाठी आपलं आवडतं द्यायला तयार असण्याची आठवण" एवढं पुरे. सुरी आणि मुलगा ऐकून एक मूल माझ्याकडे तीन दिवस रात्री झोपत नव्हतं, आईनं येऊन सांगितलं. ती चौथी-पाचवीला सांगा, आणि तेव्हा मुसलमान बहुतेक इस्माईलचं नाव घेतात आणि बायबलमध्ये इसहाक आहे, हेही सांगा. क्रूसाचंही तसंच. बेळगावच्या कॅम्पातल्या चर्चवर क्रूस दिसतो, मूल विचारतं, तर एका वाक्यात खरं सांगा आणि मेंढराच्या गोष्टीकडे या. खिळ्यांचं वर्णन नको.

जमलं तर बेळगावच्या किल्ल्यात सहल न्या. बाजारातून फार लांब नाही, आणि एका फेरीत मुलांना वेशीजवळची देवळं, कमल बस्ती, आदिलशाहीतल्या असदखानाच्या काळातली सफा मशीद आणि रामकृष्ण आश्रम सगळं दिसतं. कमल बस्ती १२०४ सालची, रट्ट राजांचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली. छताला दगडी कमळ आहे, त्याखाली मुलांना उताणं झोपवून बघायला लावलं होतं मी, पुजाऱ्यांना विचारून. आत नेमिनाथ आहेत, बावीसावे तीर्थंकर. तिथे हमखास खसखस पिकते आणि कुणीतरी विचारतं, "बाई, ह्येंच्या अंगावर कापडं का न्हाईत?" मुलाला दटावू नका, वर्गातली जैन मुलं तेव्हा तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतात. साध्या आवाजात सांगा: "त्यांनी घर सोडलं, राज्य सोडलं, शेवटी कपडेही सोडले. माझं म्हणावं असं काहीच ठेवलं नाही." मग नेमिनाथांची गोष्ट सांगा. लग्नाला निघाले होते, वाटेत मेजवानीसाठी कोंडलेली जनावरं ओरडताना ऐकली, आणि तिथूनच माघारी फिरले. ज्यांना हसू आलं होतं तीच मुलं पुढे सरकतात.

वर्गातल्या मुसलमान किंवा ख्रिस्ती मुलाला कधी उभं करून "तू सांग रे तुमच्यात काय असतं" म्हणू नका. सहा वर्षांच्या पोराला एका धर्माचा वकील करायचं नाही. चुकलं तर तो घाबरतो, आणि एरवी जो वर्गातला एक असतो तो त्या क्षणी वेगळा पडतो. त्याला स्वतःहून सांगायचं असेल तर ऐका. माहिती हवी असेल तर आदल्या संध्याकाळी त्याच्या घरी जा, चहा घ्या, विचारा.

पालक विचारतील, आमच्या पोरांना दुसऱ्यांचं कशाला? विचारू दे, हक्क आहे त्यांचा. संविधानाच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणजे पूजा, नमाज, प्रार्थना, हेच खरं आणि ते खोटं, यातलं काही आपण शिकवत नाही. शेजारी काय मानतो एवढं सांगतो, आणि तेही सरकारनंच दिलेल्या सुट्टीच्या निमित्तानं: महावीर जयंती, बसव जयंती, मोहरम, ईद-मिलाद, नाताळ. मी माझी गोष्टींची वही पालकांच्या बैठकीत टेबलावर ठेवायची. ज्याला हवं त्यानं वाचावी. दोन-तीन आजोबांनी वाचली, त्यातल्या एकांनी माझं एक नाव दुरुस्त करून दिलं.

"कोण मोठा?" हा प्रश्न येईल. "खरं कुणाचं?" हाही येईल. दुसऱ्याला मी एकच उत्तर देत आले: "लोक वेगवेगळं मानतात. तुझ्या घरी काय मानतात ते आई-बाबांना विचार." उत्तर टाळण्यासाठी मी हे म्हणत नव्हते. तो प्रश्न खरोखर त्या घराचा आहे, माझा नाही. पहिल्याला उत्तर देण्याऐवजी मी उलट विचारायची, "तुझी आजी मोठी की त्याची?" मुलं थोडा वेळ वाद घालतात आणि आपोआप सोडून देतात.

आता तुमच्या त्या मुलीकडे. तिनं "आपले" म्हटलं, त्या मुलानं "आमच्या". या दोन शब्दांतला फरक मराठीत फार मोठा आहे. "आमचे" म्हणजे तू सोडून, "आपले" म्हणजे तुला धरून. तिनं "आपले" म्हणताना तो मुलगा त्यात नव्हता, शब्दात मात्र तो होता. सोमवारी तिला जवळ घ्या आणि त्याच मुलासमोर सांगा, "तू परवा विचारलंस ना, आपले पैगंबर कोण? आपल्या वर्गात कुणाच्या घरी महंमद पैगंबरांना मानतात, कुणाच्या घरी येशूला, कुणाच्या घरी विठोबाला, बसवण्णांना, महावीरांना, बुद्धांना. तुझ्या घरी कुणाला मानतात?" ती जे नाव सांगेल त्याला पैगंबर म्हणायचं की देव, संत, गुरू, हे तिला त्या नावाबरोबर सांगा. आणि त्या मुलाला म्हणा की परवा मी पैगंबरांना देव म्हणाले, ते माझं चुकलं. मुलांपुढे बाईंनी असं म्हटलेलं त्यांना वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

घोंगड्याचा खेळ करणार असाल तर सतरंजी घेऊ नका, ती निसरडी असते आणि गोल पडतो. घोंगडं नसेल तर गावात कुणाकडेही मागा, मिळेल. चार कोपऱ्यांवर पहिलीची मुलं ठेवा, तिसरीची मध्ये.